जीव घाबरते

विमा ऑफिसच्या साहेबांस,

“आजार लपवला” म्हणून तुम्ही माझ्या बायकोचा, रत्नमालाचा क्लेम नाकारला. पुरावा काय, तर शेवटच्या दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली, “लगन झालं तवापासून जीव घाबरते.” त्यांनी लिहिलं, जुना हृदयरोग. पुढचं लिहिलंच नाही: “हे भट्टीवर ड्युटीले गेले का घाबरते, घरी आले का थांबते.”

शाळेतल्या एका कवितेत अशीच एकजण नवऱ्याची वाट बघत दाराशी उभी असायची. मास्तर त्याला प्रेम म्हणत. असल्या रोगी बाया या पोलाद कारखान्याच्या भिलाईत घरोघरी आहेत, साहेब!

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सुपेल्याला तुमच्या ऑफिसात येऊन, तुमच्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाचतो. पैसे तर घेईनच. आधी “लपवला” हा शब्द तुमच्याच हातानं खोडायला लावीन.

तिच्या रोगाचं कारण,
मारोतराव ठवरे