फोडलेली डबी

बाबा, तुमची कात्री अजून काउंटरच्या खणातच आहे, पण आता ती फारशी लागत नाही. औषधंच बदलली, बरीचशी आता सीलबंद डब्यांत येतात. तरी स्ट्रिप हातात घेतली की तुमचा आवाज येतो. फार्मसीची पदवी घेऊन कॅम्प दोनच्या आपल्या औषधांच्या दुकानात मी पहिल्यांदा उभी राहिले, त्या दिवशी चार गोळ्या नेमक्या एक्सपायरीच्या तारखेच्या बाजूने कापून दिल्या, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोरच ओरडलात, "तारीख दुकानात राहू दे! उरलेल्या गोळ्या काय डोळे झाकून विकू?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही समोरच्या सिंधी साईंच्या गाडीवरून माझ्यासाठी दाल-पकवान आणलंत आणि खाता खाता म्हणालात, अख्खी स्ट्रिप घेणारा कुठेही जाईल, दोन गोळ्या मागणारा आपल्याकडे येतो, त्याला परत पाठवायचं नाही.

गेल्या महिन्यात मोरिवलीची एक बाई आली. नवऱ्याला कॅन्सर. ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं, पण कार्ड दवाखान्यात दाखल असेपर्यंतच चालतं. घरी घ्यायच्या गोळ्या ज्याच्या त्याने विकत आणायच्या. महिन्याभराची सीलबंद डबी, किंमत त्याच्या पगाराहून जास्त. अशी डबी मी एकच ठेवते. ती म्हणते, "ऑपरेशन फुकट केला, मंग गोल्या का नाय? थोड्या तरी द्या ना ताई." मी तिला समजावते आहे, सील तोडलं की कंपनी परत घेत नाही, उरलेल्या मला विकता येत नाहीत, आणि ती नुसती मान डोलावते आहे. बोलता बोलता माझीच मला चीड आली. टाके घालून माणूस घरी पाठवायचा आणि मग वाऱ्यावर सोडायचा, हा कसला नियम? ती पायरी उतरली तेव्हा मी हाक मारली. डबी फोडली, दहा गोळ्या छोट्या बाटलीत घातल्या, वर तारीख लिहिली. संपायच्या आत ये, म्हटलं.

ती आली नाही. डबी तुमच्या कात्रीशेजारी पडून आहे. कुठल्या तरी ट्रस्टने मदत केली असेल, असं मी मनाला सांगते. हा कागद कुठे पाठवणार, त्याच खणात ठेवीन. तिचा नंबर माझ्याकडे आहे, बाबा. लावलेला नाही. लावत नाही तोवर तिचा नवरा जिवंत आहे.