गाडी वर सुखरूप पोचली

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता काय म्हणतात ते कळवावे. वहिनींचा खोकला गेला असे धरून चालतो, कारण मध्यंतरी तुमच्या बहिणीशी त्या फोनवर बराच वेळ बोलत होत्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. (त्या फोनचा संबंध पुढे येणार आहे.) आम्ही दोघे ठीक.

पत्रास कारण आभार. गाडी देताना तुम्ही ती स्वतःच्या फडक्याने पुसलीत, टाकीवर एकदा हात ठेवलात आणि दुसरीकडे बघत म्हणालात, "उभी राहिली की गाडी मरते. फिरवणार नसाल तर परत पाठवा." मी मान हलवली आणि किल्ली घेतली. लोक सख्ख्या भावाला सायकल देताना चार वेळा विचार करतात. तुम्ही मेहुण्याला मोटारसायकल दिलीत. सीटवर तुमच्या बैठकीचा खळगा अजून तसाच आहे आणि मी तो बुजू देणार नाही.

आमचे घर तुम्हाला ठाऊकच आहे. फाटक खाली रस्त्याला, घर वर, मधे बागेतल्या दगडी पायऱ्या. गाडी खालीच ठेवणार होतो, पण शेजारच्या बेकरीवाल्याने टेम्पो घेतला आणि तो मागे घेताना हा गृहस्थ डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबतो, म्हणजे काही वाजले की थांबतो. आजवर वाजले ते आमचे फाटक. पुढच्या खेपेला तुमची गाडी वाजू नये म्हणून ती वर अंगणात न्यायचे ठरले.

आता मी काही कुणाच्या हाताखाली शिकलेला माणूस नव्हे. घड्याळदुरुस्ती मी घड्याळे उघडून शिकलो (सुरुवातीची काही पुन्हा मिटली नाहीत, पण शिकणे म्हणतात ते यालाच). तेव्हा पायऱ्यांवर फळी कशी टाकावी हे विचारत मी गावभर फिरलो नाही. जाड सागवानी फळी घेतली. ती किती वाकते हे पाहायला मध्यावर आधी मी उभा राहिलो, मग तुमच्या बहिणीला घेऊन उभा राहिलो. चाक घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर जुन्या टायरचे रबर, आणि वरच्या टोकाला लोखंडी आकडे, म्हणजे ते वरच्या कडेत अडकून फळी मागे सरकायला नको. स्क्रूची डोकीसुद्धा लाकडात बुडवली. सगळ्याचा विचार झाला होता. फक्त गाडीबरोबर एक माणूसही वर जातो आणि त्याला पाय असतात, एवढे माझ्या ध्यानातून निसटले.

तर गाडी फळीवर आणि मी शेजारी पायऱ्यांवर. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्धा. गाडी अशी चढू लागली की तुम्ही पाहायला हवे होते. पण फळी सरळ चढते आणि पायऱ्या गवंड्याच्या मर्जीने चढतात. एक पायरी बोटभर, तर पुढची गुडघ्याशी. हँडल कधी माझ्या पोटाशी यायचे, कधी हनुवटीशी. अशातच डावा पाय पायरीऐवजी कडेच्या कुंडीत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. थांबावे तर गाडी अंगावर येणार. म्हणून उरलेला चढ मी एका पायात चप्पल आणि एका पायात कुंडी घालून चढलो. (रोपाला काही झाले नाही. उलट त्याला आता कळी धरली आहे.)

पोचलो म्हणतो तेवढ्यात गाडीचे पोट वरच्या कडेवर टेकले. पुढचे चाक अंगणात, मागचे नुसतेच फिरते आहे, आणि गाडी तराजूच्या दांडीसारखी मधोमध डुलते आहे. ढकलली तर हलत नाही, सोडली तर थेट बेकरीत. मी हाक मारली. तुमची बहीण वहिनींशी फोनवर होती. ती "आलेच" म्हणाली. या शब्दाचा अर्थ आमच्या घरी बराच लांबरुंद आहे. दरम्यान टपालवाला फाटकाशी आला, त्याने शांतपणे सगळे न्याहाळले आणि विचारले, "वर नेताय की खाली आणताय?"

"आत्ता तरी धरून आहे," मी म्हटले.

"बरं आहे," म्हणून तो गेला.

शेवटी ही आली. आधी कुंडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आतून लाकडी पाट आणून मागच्या चाकाखाली सारला, म्हणाली, "क्लच एकदम सोडू नका. हळू," आणि मागून खांदा लावला. गाडीने पोट उचलले आणि ती अंगणात गेली. क्लचचे हिला कुठून कळले ठाऊक नाही. माझ्या सहवासात माणसाच्या कानावर बरेच काही पडते. हिचा हातभार लागला हे मी नाकारत नाही.

नंतर मी फळी लांबवून चढ कमी केला आणि शेजारी पायांसाठी दुसरी फळी टाकली. उतारावरून गाडी उतरवण्याबद्दल तुम्ही गाडीबरोबर चिठ्ठीत लिहून दिलेत ते तर मी दुकानाच्या भिंतीवर लावले आहे: बसायचे नाही, बाजूने चालायचे, इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच सोडला की मागचे चाक जखडते, दाबला की सरकते, म्हणजे क्लच हाच ब्रेक. घड्याळातही असेच असते, धरून धरून सोडायचे. गिऱ्हाइकांनाही मी ते वाचून दाखवतो. दादा, गाडीइतकेच हे शहाणपण मला मोलाचे. गाडी उत्तम आहे.

तुमचा ऋणी,
धाकटा मेहुणा

ता. क. गाडी उत्तम आहे हे खरेच आहे. फक्त ती त्या दिवसापासून वरच आहे. रोज सकाळी पुढचे चाक फळीच्या तोंडाशी आणतो, खाली पाहतो आणि मागे नेतो. हाताला घड्याळाच्या वजनाची सवय, दुसरे काय. दुकानात पायी जातो; चालणे प्रकृतीला बरे असे हिला सांगितले आहे. मी उघडून शिकणारा माणूस, पण पायऱ्या उघडता येत नाहीत. तेव्हा एकदा येऊन माझ्यादेखत उतरवून दाखवा. हिला म्हणा, फाटकाची बिजागरी बघायला आलो. तोवर कृपा करून गाडी परत मागू नका.

आणखी एक. उभ्या गाडीतले पेट्रोल कमी होते आहे. गळती नाही, टाकी दोनदा काढून पाहिली. पश्चिमेच्या उन्हाने वाफ होत असावी. वर पोते घातले, तर आणखीच उडू लागले. यावर तुमचे मत कळवावे.

दादा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट चिकटवायचं राहिलंय, म्हणून कडेला लिहिते. तुझी गाडी उभी नाही. हे दुकानात गेले की मी उतरवते, बाजार करते, नर्सरीत जाते आणि हे यायच्या आत वर नेऊन ठेवते. तुझ्या गॅरेजच्या उतारावर तू शिकवलंस तश्शीच. पण फळ्या त्यांनी फार पक्क्या केल्यात रे, पाय जरासुद्धा हलत नाही. त्यांच्याशिवाय मला जमलं नसतं. सांगणार होते, पण म्हटलं आधी त्यांच्या हातून एकदा उतरू दे. तू ये. बिजागरी बघायलाच आलास असं मला म्हण, मी शेजारी जाऊन बसेन, तुम्ही निवांत शिका. ते शिकले की मला मागे बसून जायचंय, किती वर्षांत बसले नाही कुणाच्या मागे. आणि येताना डबाभर पेट्रोल आण. या आठवड्यात वाफ जरा जास्त झाली.