उपरण्याखालचा हात

वडवणी,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय महांतेश,

शरणार्थ.

इकडे सगळे ठीक. तुमच्या पोटातली जळजळ थांबली का? डबेवाल्या काकूंना तिखट कमी टाकायला सांगा, लाजू नका. आईचा गुडघा पुन्हा सुजला आहे. कापूस यायला लागला, पण त्याला भाव नाही. अमेरिकेने आपल्या कापडावर कर वाढवला आणि आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरचा कर उठवला, तेव्हापासून आमच्या आडतीवर शुकशुकाट आहे. अण्णांना त्याचं फार वाटत नाही. कापसातला पैसा त्यांनी तेव्हाच काढून शेअरमध्ये घातला. आता गादीवर बसून ते मोबाईलच बघतात.

माझा मोबाईल आईने कपाटात कुलूप लावून ठेवला आहे, म्हणून हे पत्र. माझी मैत्रीण स्वप्नाली पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती देते.

तुमचे वडील परळीत मंगल कार्यालय बघत फिरत आहेत, असं काल कळलं. साखरपुडा झाल्यापासून मी त्यांना मामंजीच म्हणते, तेच आताही लिहिते. मामंजी सगळ्यांना सांगत आहेत, "मुलीच्या बापानं हात धरून शब्द दिलाय." ऐकून आई हसली. मला हसता आलं नाही. त्यांना थांबवा. कारण सांगायचं तर मला थोडं मागून यावं लागेल.

सप्टेंबरात तुम्ही फोनवर म्हणालात की तुमच्या विभागातलं काम आता संगणकच करायला लागला आहे, माणसं कमी करणार आहेत, पण घरी सांगू नकोस. मी सांगितलं नाही. पण त्याच आठवड्यात जेवताना अण्णांनी विचारलं, "पावण्याची कंपनी कशी चाललीय?" आमच्या घरात सरळ विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देत नाहीत. मला शाळेच्या आधी हेच शिकवलं होतं. मी म्हणाले, "माणसं कमी करायलेत." अण्णांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, त्यांना तुमची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या कंपनीचे शेअर घेतले.

कंपनीचा तिमाहीचा निकाल आला तो मीच त्यांना वाचून दाखवला. इंग्रजी मीच वाचते. धंदा होता तेवढाच होता, नफा मात्र वाढला होता, कारण कर्मचाऱ्यांवरचा खर्च घटला होता आणि पुढे आणखी घटणार होता. ती ओळ अण्णांनी दोनदा वाचायला लावली आणि मी खणखणीत आवाजात वाचली. त्या ओळीत तुम्ही होतात, हे मला वाचताना कळलं नाही. सकाळी बाजार उघडताच शेअर उसळला. अण्णांनी पेढे आणले. तुमचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात, "लॅपटॉप जमा करायला सांगितलंय." तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. मी बराच वेळ बोलले नाही, तुम्हाला वाटलं रडते आहे. मी तो गिळत होते.

आईने अण्णांना विचारलं, "आता पोरीचं कसं?"

"पोरीचं दुसरीकडं बघू," अण्णा म्हणाले. "आन् त्याचं वाईट झालं म्हणून आपलं बी वाईट व्हावं का? त्याच्या पायी चार पैसे तरी मिळाले."

नंतर मामंजी आले. तुमच्यासोबत नाही, एकटेच, सिरसाळ्याहून दोन एसट्या बदलून. स्वच्छ धोतर, हातात पेरूची पिशवी. मी आत चहा करत होते, दार उघडं होतं.

"पोरगं हुशार हाय, केदारनाथराव," ते म्हणाले. "दुसरी नोकरी लागंल. तुमी फक्त तारीख धरा. पोरगं लई खचलंय."

अण्णांनी मामंजींचा हात आपल्या हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं.

तुम्हाला हे माहीत नसणार. तुम्ही मास्तरांच्या घरातले. आमचे आजोबा बैलांचे व्यापारी होते. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून सांगतात, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. समोरच्याने अख्खी मूठ दाबली की सौदा पक्का. मला आकडे पाटीवर नाही, अण्णांच्या बोटांवर शिकवले. त्यामुळे अण्णांचं मनगट कसं हलतं ते बघून मला आकडा कळतो. त्या दिवशी त्यांनी सांगितला तो साखरपुड्यात तुमचा झालेला खर्च. पूर्ण नाही, निम्मा. तेवढा घ्या आणि मुलगी सोडा.

मामंजींनी दोन्ही हातांनी अण्णांची मूठ घट्ट दाबली. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमचाच आधार हाय," ते म्हणाले.

अण्णा म्हणाले, "झालं तर मग." मी चहा दिला. मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुझा बाप देवमाणूस हाय."

ते गेल्यावर आमचे मुनीम आप्पाराव हसून हसून खोकायला लागले. "मास्तरानं तर घासाघीस बी केली न्हाई! असं गिऱ्हाईक रोज यावं, अण्णा."

मी अण्णांना म्हणाले, "त्यांना हातातलं काहीच कळलं नाही."

"हात दिला, मूठ दाबली, चहा पिऊन गेले. अजून काय शिक्का मारायचा असतो का?"

"आणि साखरपुड्यात चार लोकांसमोर तुम्ही दिलेला शब्द?"

"माल घरी न्यायच्या आधी खोट निघाली तर सौदा मोडतो. शिकवलंय ना तुला?"

हो, शिकवलं आहे. म्हणूनच आता जे लिहिते ते नीट वाचा. मामंजींना मोबाईलवर पैसे घेता येत नाहीत, म्हणून अण्णांनी ते तुमच्या नंबरवर पाठवले आहेत. सासऱ्यांनी मदत केली असं तुम्हाला वाटलं असेल. ती मदत नाही. ते पैसे तुमच्याकडे राहिले तर आमच्या रिवाजाने मी तुमची कुणी नाही. परत आले तर सौदा झालाच नाही, आणि आधीचा शब्द उभा राहतो. हे अण्णांनाही मानावं लागेल, कारण ते याच रिवाजावर जगतात.

तेवीस तारखेला लातूरचे लोक मला बघायला येणार आहेत. त्याआधी पैसे परत पाठवा. मग मी सगळ्यांसमोर सांगेन की माझं लग्न ठरलेलं आहे. मी किती भित्री आहे ते तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का ते मी तीनदा बघते. पण एवढं मी बोलेन. मी आरशासमोर बोलून पाहिलं आहे.

नोकरी नसली तरी चालेल. हे अण्णांचं मत नाही, माझं आहे.

तुमचीच,
रुद्राणी


वडवणी,
दि. २४ नोव्हेंबर २०२५

श्री. महांतेश यांस,

आपलं पत्र स्वप्नालीने आणून दिलं. पोटाचं बरं आहे हे वाचून बरं वाटलं.

आपण लिहिता की पैसे आत्ताच परत करणं जमणार नाही. बुक केलेल्या फ्लॅटचा हप्ता चुकला होता, तो भरला. तिथपर्यंत मला समजलं. बुडणाऱ्या माणसाने हप्ता भरला म्हणून मी रागावले नसते. मी अण्णांना मुदत मागितली असती.

पण पुढे आपण लिहिलं आहे की उरलेल्यातून त्याच कंपनीचे शेअर घेतले. आत अजून आपले मित्र आहेत, त्यांच्याकडून कळलं की जानेवारीपर्यंत आणखी दोन विभाग बंद होणार, म्हणजे भाव आणखी चढणार. त्या दोन विभागांत आपल्या खोलीवर राहणारा मुलगाही आहे, त्याला अजून माहीत नाही, आपण त्याला सांगितलेलं नाही. आणि शेवटी आपण लिहिलं आहे, "अण्णांना पण ही बातमी दे. त्यांना माझ्याबद्दल जरा चांगलं वाटेल."

दिली. अण्णांनी विचारलं होतं, "पत्रात काय?" मी वाचून दाखवलं. ते खूष झाले. "पोरगं तयार झालं की!" म्हणाले. आप्पाराव म्हणाले, "मग अण्णा, पुन्हा जमवायचं का?" अण्णा म्हणाले, "येडा का बे? पैसे घेतले त्यानं. झालेला सौदा कोण फिरवतं?" मग त्यांनी आणखी शेअर घेतले.

काल लातूरचे लोक आले. मुलगा औषधांच्या कंपनीत आहे. त्यांनी मला विचारलं, "आधी कुठं ठरलं होतं का?" प्रश्न सरळ होता. मी म्हणाले, "ठरलं होतं. मुलाकडच्यांनी पैसे घेऊन सोडलं." अण्णांनी पाहिलं माझ्याकडे, पण खोटं काय होतं त्यात? लातूरच्या बाई चुकचुकल्या आणि म्हणाल्या, "काय माणसं असतात!" लग्नाची बैठक तिथेच पक्की झाली.

मामंजींना मी वेगळं पत्र टाकलं आहे. उपरण्याखाली काय झालं ते लिहिलं, पैसे कुठे गेले तेही लिहिलं. कार्यालयाचे पैसे अडकायला नकोत. ते वाचून त्यांना काय होईल याचा मी दोन दिवस विचार केला आणि तरी टाकलं. आपल्याकडून कळलं असतं तर त्यांना अर्धंच कळलं असतं. आपल्या खोलीवरच्या मुलाचं नाव स्वप्नालीकडून कळलं. त्यालाही चार ओळी लिहिल्या आहेत.

साखरपुड्याची अंगठी या पाकिटात आहे. वजन करून घ्या.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही. आपल्याकडे तो पुरेसा आहे.

रुद्राणी