अडतीस नंबर

१४ सप्टेंबर

दोन तास नवऱ्याबरोबर बुटांच्या दुकानात! बाझीलचे रोजचे बूट एकेचाळीस नंबरचे. कातळावर चढायचे घेतले एकोणचाळीस. यंदाचा हा दुसरा जोड. पहिला ‘सैल पडला’ म्हणे.

दुकानातल्या एलोआचं काम मात्र चोख. दुपारनंतरच या म्हणाली होती, पाय तेव्हा जरा फुगलेले असतात. मोजे काढायला लावले. टाचेमागे पोकळी राहतेय का ते बोटानं चाचपलं. मग दुकानातल्या तिरक्या भिंतीवर बदामाएवढ्या खुंटीवर त्याला उभं केलं. बूट पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला. छपरासारख्या कातळाखाली उलटं लटकायचं तर पायाच्या बोटांनीही कातळ ओढून धरावा लागतो. म्हणून बोटं आत मुठीसारखी दुमडलेली हवीत.

“दुखायला हवं,” एलोआ म्हणाली, “पण डोळ्यांत पाणी येईल इतकं नाही.”

“दुखतच नाहीये,” बाझील म्हणाला. पदक मिळाल्यासारखा.

या थंडीत जंगलातली ‘भट्टी’ चढायचीच, असं त्याचं ठरलंय. काळ्या छताची, पाववाल्याच्या भट्टीसारखी शिळा. अकरा वर्षं ती त्याला खाली टाकतेय. बासष्टाव्या वर्षी माणूस एवढं एकच मागतो — ते त्याला मिळावं! त्याच्यासमोर हे बोलणार नाही.

१५ सप्टेंबर

नाश्त्याला वाद. अंगाला दुखवणारं अवजार नेहमी ते न वापरणारा माणूस बनवतो, असं मी सभेत बोलावं तसं म्हणाले. तो पावाला लोणी लावत म्हणाला, “टाळ्या आता वाजवू की शेवटी?”

२२ सप्टेंबर

जंगलात. हवा कोरडी, वाळू गार. नेहमीसारखी मी पायपुसणं अंथरलं आणि त्याच्या बुटांचे तळ पुसून दिले. वाळू लागलेल्या बुटानं कातळावर पाय ठेवणाऱ्याला इथे लोक घरात चिखल आणल्यासारखे झापतात. तीस वर्षं हे काम माझं. मी चढत नाही. पुसून देते आणि पुस्तक उघडते.

भट्टीवर पाच वेळा गेला. पाचही वेळा उजवा पाय निसटला, आणि निसटल्याचं त्याला उशिरा कळलं. छताला लटकलेला असताना ओरडला, “माझा पाय कुठाय?” खालचे सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना म्हणाला, बूट अजून सैलच आहेत.

३ ऑक्टोबर

गोदामातल्या बायकांची सभा. लोखंडी टोकाच्या बुटांनी त्यांची बोटं सोलून निघतात, आणि मालक म्हणतात सवय होईल! मी पाऊण तास बोलले. पाय हा हिशेबातला आकडा नाही, दुखणं ही शरीराची साक्ष आहे, ती नोंदवून घ्या, असं म्हणाले. बायका उभ्या राहिल्या. एकीनं बूट काढून टेबलावरच ठेवला.

परत आले तर बाझील एकटाच जाऊन तिसरा जोड घेऊन आलेला. अडतीस! म्हणजे माझा नंबर. “आता घरात एक जोड पुरेल,” म्हणाला.

४ ऑक्टोबर

एलोआचा फोन. तिनं काल द्यायला नाही म्हटलं होतं, त्यानं ऐकलं नाही. म्हणाली, “बाई, ते बूट घालून तो दुकानभर फिरला, शिट्टी वाजवत. मला दोन पावलं टाकता आली नसती.”

मी म्हटलं, जुनं खोड आहे, त्याला सोसतं. थोड्या अभिमानानंच म्हटलं.

१२ ऑक्टोबर

हे लिहायलाच हवं.

भट्टीवरच्या चौथ्या खेपेनंतर मी बूट पुसायला घेतला तर पायपुसण्यावर लाल उमटलं. बूट ओढून काढला. अंगठ्याचं नख आतच राहिलं. शेजारचं बोट काळंनिळं. बाझील पाव खात होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, “काय झालं?”

मी त्याचा पाय मांडीवर घेतला. “आता कुठलं बोट दाबतेय?”

त्यानं वाकून पाहिलं. “हे.”

“बघू नकोस. डोळे मिट.”

त्यानं मिटले. बराच वेळ विचार केला. परीक्षेतल्या मुलासारखा.

“मधलं?”

माझे दोन्ही हात वाळूवर होते.

१४ ऑक्टोबर

रक्तातली साखर. किती वर्षांची कुणास ठाऊक. पायाच्या नसा बधिर झाल्यात. बोट वाचेल, म्हणाले डॉक्टर. घट्ट बूट पुन्हा कधीही नाही, आणि त्या पायांवर चढणंही नाही. रोज संध्याकाळी तळवे कुणीतरी डोळ्यांनी तपासायचे.

कुणीतरी म्हणजे मी. पाऊण तास परक्या पायांवर बोलणारी मी! दर आठवड्याला त्याचे तळ माझ्या हातांत होते. मी फक्त बुटांचे पुसले.

२८ ऑक्टोबर

तपासले. जखम सुकतेय. बूट खिडकीत ठेवलेत, टोकं बाहेरच्या बाजूला.

२ नोव्हेंबर

शेवटी बोलला. बटाटे सोलताना, माझ्याकडे न बघता. “सगळ्यात वाईट काय सांगू? कधी दुखायचं थांबलं ते मला आठवत नाही. मला वाटलं, मी चांगला चढायला लागलोय.”

मी दुसरी सुरी घेतली आणि त्याच्याशेजारी सोलायला बसले.

९ नोव्हेंबर

आज भट्टीखाली त्याचे ते अडतीस नंबरचे बूट मी घातले. त्यानं गुडघे टेकून पट्टे ओढले, टाचेमागे बोट घालून पाहिलं आणि माझे तळ पायपुसण्यावर पुसले. सगळ्यात खालच्या खाचेत पाय ठेवला, जमिनीपासून वीतभर वर. त्याचे हात माझ्या पाठीशी होते.

“अंगठा?”

“पेटलाय.”

“करंगळी?”

“शेजारणीखाली चिरडलीय.”

“टाच?”

“टाच छान आहे. बाझील, फार दुखतंय रे.”

“हो,” तो म्हणाला. “असंच होतं ते. सांगत राहा.”