रवाश कसं खातात

बाबा,

तुमच्या त्या विद्वानाचा मला अजूनही वैताग येतो. हजार वर्षांपूर्वी गझनीच्या सुलतानाच्या पदरी असलेला माणूस. पंडितांकडे बसून संस्कृत शिकला, आपल्या देशावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि वर 'हे लोक आपली विद्या लपवून ठेवतात' अशी तक्रारही केली. तुम्ही पोस्टातली नोकरी सांभाळून त्याच्यासाठी अरबी शिकलात, आणि स्वतःचं भाषांतर मात्र एकालाही दाखवलं नाहीत. 'अजून पक्कं नाही', हेच उत्तर. एकदा मी ओल्या हाताने तुमचं पान उचललं, शाई पसरली, तर स्वयंपाकघरातच बसवून ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावलंत. दुसऱ्या दिवशी माझी सहामाही होती, बाबा!

म्हातारपणी, डोळे अधू झाल्यावर, त्याने औषधी वनस्पतींवर लिहायला घेतलं. म्हणून तुम्हीही तेच पुस्तक धरलंत. इथे परदेशात, वेरिबीला, आमच्या शेजारी गझनीचं कुटुंब राहतं, हे तुम्हाला सांगायची दुर्बुद्धी मला झाली. मग दर फोनला त्यांना विचारायला एक शब्द. शेवटचा हॉस्पिटलमधून. मी शिफ्टला निघालेय, आणि तुम्ही धापा टाकत म्हणताय, "त्यांना विचार ना, रवाश कसं खातात? कोशात नुसतं झाडाचं नाव आहे."

"बाबा, ही काय वेळ आहे? डॉक्टर काय म्हणाले ते सांगा!"

"तो मरायला टेकला होता, तेव्हा भेटायला आलेल्या काजीला त्याने कायद्यातली एक शंका विचारली. काजीही हेच म्हणाला." तुम्ही चक्क हसत होतात. "पण उत्तर दिलं हं त्याने."

दुसऱ्या दिवशी मी फोनवर सांगितलं, शेजाऱ्यांना माहीत नाही. "असू दे," म्हणालात. चार दिवसांनी गेलात.

आता तुमच्या वह्या मी टाइप करतेय. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आज त्या शब्दापाशी आले, पुढे जागा कोरी. माझी चिडचिड ऐकून लेक म्हणाली, "आई, जस्ट आस्क हिम. ही'ज राइट देअर."

शेजारी कुंपणापलीकडे गुलाब छाटत होते. शब्द ऐकताच त्यांनी कात्री खाली ठेवली. "रवाश? अरे बहन, बहार में पहाड़ से लाते थे. छीलके, नमक लगाके, कच्चा ही. इतना खट्टा!" आणि त्यांनी डोळे असे मिटून घेतले, की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं.

अर्धं मिनिटही लागलं नाही. कोऱ्या जागेत मी ते लिहिलं. हा कागद कुठे पाठवणार? वहीतच ठेवते. बाबा, तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं.