कुमारी म्हणून छापलेला लेख

बाई,

नातीच्या प्रबंधाची संदर्भसूची तपासता तपासता मान आखडली, म्हणून जरा मागे टेकले आणि तुम्ही आठवलात. खरं तर आधी वैताग आला आणि त्याच्या पाठोपाठ तुम्ही आलात. नात एम.डी. करते आहे. आता म्हणे संदर्भ संगणकच लावतो. बटण दाबलं की आडनाव, आद्याक्षरं, लेखाचं नाव, मासिक, वर्ष, खंड, पान सगळं मुकाट रांगेत उभं राहतं. तरी ती कागद माझ्यापुढे टाकते आणि म्हणते, "आजी, तू एकदा नजर टाक ना, प्लीज." ऐंशी ओलांडलेल्या बाईला स्वल्पविराम शोधायला बसवतात ही मुलं! मी कुरकुर करते आणि चष्मा शोधते. थकले आहे बाई, पण हे काम हातातून सुटत नाही, आणि त्याला जबाबदार तुम्हीच आहात.

परळच्या इस्पितळात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा तुम्ही आमच्या विभागातल्या एकट्या बाई डॉक्टर होतात. मी लालबागच्या चाळीतली, बाप गिरणीत, आणि मॅट्रिकनंतर शिकलेलं टायपिंग एवढंच माझं भांडवल. एकदा मी जुन्या लेखाच्या शेवटी दिलेले संदर्भ बघून तसेच नव्या लेखाला टाइप केले. तुम्ही विचारलंत, "हे खंड तू स्वतः पाहिलेस?" मी म्हटलं, "नाही बाई, या लेखात दिलेत ना." तुम्ही माझ्यादेखत पान उभं फाडलंत. "मग ही ऐकीव गोष्ट झाली. लायब्ररीत जा, खंड काढ, पान उघड. जे छापलंय तेच लिही. एक अक्षर कमी नको, एक जास्त नको." तेव्हा असा राग आला होता तुमचा! पण गेले. नंतर जातच राहिले.

मग तो गिरणी कामगारांच्या छातीच्या दुखण्यावरचा लेख आला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, दर दोन दिवसांनी मोर्चा, लाठीमार, वॉर्डात डोकी फुटलेली पोरं, आणि त्यात विभागप्रमुख सरांना तो लेख वेळेत विलायतेला धाडायचा होता. लेखक म्हणून सरांचं नाव पहिलं, तुमचं दुसरं. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाची छाती रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी आवळते, असं त्यात होतं. माझा बाप कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता. दर सोमवारी संध्याकाळी तो चाळीच्या जिन्यावर मध्येच बसायचा, हे मी लहानपणापासून बघत होते. टाइप करताना माझा हात थांबायचा. सरांनी लिहिलं होतं, आपल्याकडच्या गिरण्यांत हे प्रथमच नोंदवलं जात आहे. आणि तुम्ही लावलेल्या संदर्भांत एक जुना लेख होता, ज्यात नेमकं हेच आधी लिहिलेलं होतं. मी तो खंड काढून पाहिला. लेखिकेचं पूर्ण नाव छापलेलं, नावाआधी 'कुमारी'. सर म्हणाले, "कोण ही? जुनंपुराणं आहे, काढून टाका." तुम्ही मला हळूच म्हणालात, "राहू दे तो. मी बोलते सरांशी."

मग हरताळ पडला. ट्राम बंद, कॉलेज बंद. मी लालबागहून चालत दादरला तुमच्या घरी येते आहे, कागद पिशवीत. तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवता. आमची चाळ बाबासाहेबांना मानणारी, सासूबाईंना ते ठाऊक आहे. त्या आपलं ताट उचलून बाहेर जातात. तुम्ही तिकडे बघतही नाही, मला पोहे वाढता. तेवढ्यात दारात एक गृहस्थ येतात, घामानं डबडबलेले. गोळीबाराच्या बातम्या ऐकून बहीण सुखरूप आहे ना बघायला गिरगावातून पायी आलेले तुमचे भाऊ. ते तुम्हाला हाक मारतात आणि माझा घास तोंडातच राहतो. कारण सासूबाई तुम्हाला हाक मारतात ते हे नाव नाही. हे त्या खंडातलं नाव आहे. लग्नात तुमचं आडनाव बदललंच, पण रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात लिहून पहिलं नावही बदललं होतं.

भाऊ बाहेर गेल्यावर मी विचारलं, "बाई, तो लेख तुमचा?"

"माझाच."

"मग सरांना सांगा की!"

"सांगितलं तर मी स्वतःसाठी भांडते आहे असं होईल. तो संदर्भ खरा आहे म्हणून राहायला हवा, माझा आहे म्हणून नव्हे."

"निदान कंसात आत्ताचं नाव तरी घालू?"

"छापलंय तेवढंच," तुम्ही म्हणालात आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे घातलेत.

सरांशी तुमचं काय बोलणं झालं ते दाराबाहेर बसून मी ऐकलं. संदर्भ राहिला, 'प्रथमच' गेलं, आणि त्या बदल्यात लेखकांमधून तुमचं नाव गेलं. ते पहिलं पान मीच पुन्हा टाइप केलं. त्या लेखात तुम्ही फक्त शेवटच्या पानावर बारीक अक्षरात उरलात, कोणी ओळखणार नाही अशा नावानं. माझ्या बापाचं दुखणं आधी तुम्ही ओळखलं होतं आणि ते जगाला कधी कळणार नव्हतं. मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "कार्बन नीट लाव, खालची प्रत पुसट येते आहे." पुढे तुम्ही नव्या नावानं पुष्कळ लिहिलंत. ती दोन नावं कोणी कधी जोडली नाहीत. तुम्हाला जाऊनही आता जमाना झाला.

आज नातीच्या सूचीत तो संदर्भ दिसला. गिरण्या गेल्या, पण धूळ अजून कुठे कुठे आहे, तिचा प्रबंध त्यावरच आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तर ती म्हणाली, "या कोण होत्या गं? एवढं चांगलं काम, आणि पुढे काहीच नाही. सोडून दिलं का यांनी?" मला ते सोसवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, तुमची दोन्ही नावं सांगितली. ती म्हणाली, "आजी, खाली टीप टाकू, की या दोन्ही नावांच्या बाई एकच?"

बाई, तुम्ही आज असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. मी तिला 'टाक' म्हणाले.