साडेसाती संपली तेव्हा

५ जून १९७३
मॅट्रिक तिसऱ्यांदा नापास! पाथर्डीला जाऊन निकाल पाहिला — गणितात एकोणीस. घरी आलो. आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आई — "पोराला बोलू नगा. साडेसाती हाय त्याला." आबा उठून गोठ्यात गेले. मी दोन भाकरी हाणल्या. सातवीत पहिल्यांदा आपटलो तेव्हापासून हे असंच. शनिदेवासारखा पाठीराखा नाही!

९ जून, शनिवार
एसटीनं शिंगणापूर. अंघोळ करून ओल्या पंचानंच तेल वाहिलं. एकदम हलकं वाटलं. गणिताचं ओझं त्याच्यावर, येताना घोडेगावची भेळ मला.

११ जून
घात झाला! जोशीबुवा पंचांग घेऊन दारात — "श्रीमंत, शनी मिथुनेत गेला. मेषेची साडेसाती काल संपली. सुटलास!" आईनं गूळ वाटला. आबा गालात हसले — "आता आक्टोबरात नापास झालास तर शनीचं नाव घ्यायचं न्हाई. कोयता घ्यायचा नि टोळीसंगं ऊस तोडाया चलायचं."

२० जून
जोशीबुवांना गाठलं. राहू? केतू? निदान मंगळ? "सगळं चांगलं आहे रे!" इतका निर्दय माणूस पाहिला नाही.

२ जुलै
पहाटे उठून बीजगणित. सातांपैकी चार बरोबर! कुणी मदत केली नाही, कुणी आडवंही आलं नाही. छाती धडधडतेय, तरी बरं वाटतंय. हे कसलं बरं?

१४ जुलै
तरी भीती जात नाही. पत्रिका नगरच्या ज्योतिषाला दाखवावी. थोडी साडेसाती उरली असली तर बघू! उद्या आईकडे मागतो.

१५ जुलै
आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कसली पत्रिका? तू उसाच्या फडात झालास. घड्याळ कुनाकडं हुतं? तू सातवीत आपटलास त्या साली मेषेला साडेसाती हाय म्हनले जोशीबुवा, म्या तीच तुला लावली. आबाला सांगितलं, पत्रिका माह्येरी काढलीया. न्हाईतर साळंतून काढला असता तुला."
म्हणजे सात वर्षं माझा मीच आपटत होतो. शनीला बिचाऱ्याला पत्ताच नाही! आणि आई माझ्यासाठी देवाच्या नावावर खोटं बोलत राहिली. रडू आलं. मग बीजगणिताची वही घेऊन बसलो.